ऐकू कमी येते आहे का? लक्षणांपासून ऑडिओग्रामपर्यंतचे टप्पे

घरातल्या ज्येष्ठांना ऐकू कमी येऊ लागले की बहुतेक कुटुंबांत पहिला फोन जातो तो कानाचे मशीन विकणाऱ्या दुकानाला, कारण वर्तमानपत्रातली ‘मोफत श्रवणतपासणी’ची जाहिरात समोर असते. योग्य क्रम वेगळा आहे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, त्यानंतर ऑडिओलॉजिस्टकडे श्रवणचाचणी, आणि चाचणीतून गरज ठरली तरच यंत्र. माझ्या वडिलांच्या निमित्ताने सरकारी रुग्णालय, खासगी दवाखाना आणि दुकान अशा तिन्ही ठिकाणी जाणे झाले. त्या फेऱ्यांमध्ये जे समजले ते महाराष्ट्रात पहिल्यांदाच ही तपासणी करून घेणाऱ्यांसाठी येथे मांडते आहे. भर प्रौढ आणि ज्येष्ठ व्यक्तींवर आहे. लहान मुलांचा विषय वेगळा असल्याने त्याबद्दल स्वतंत्र टप्पा दिला आहे.

१. लक्षणे नीट ओळखा

ऐकू कमी येणे म्हणजे सगळेच आवाज बारीक होणे, अशी आपली समजूत असते. वयोमानाने होणारा ऱ्हास मात्र बहुधा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतो आणि खालच्या पट्टीतले आवाज बरीच वर्षे ठीक ऐकू येतात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत आणि मुळातच क्षीण असतो. त्यामुळे कोणी बोलते आहे हे समजते, पण काय बोलते आहे ते निसटते. भाजीवाली ‘साठ’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला ‘आठ’ ऐकू येते. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ किंवा ‘तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता’ ही तक्रार वारंवार ऐकू येऊ लागली, तर ती लहर समजू नका. पुष्कळदा तेच पहिले लक्षण असते.

याखेरीज पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवा. टीव्हीचा आवाज घरातल्या इतरांना असह्य होईल इतका वाढतो. फोन नेहमी एकाच कानाला लावला जातो. समोरासमोर बोलणे ठीक चालते, पण पाठमोऱ्या व्यक्तीचे किंवा दुसऱ्या खोलीतून आलेले वाक्य समजत नाही. लहान मुलांचे आणि स्त्रियांचे बोलणे पुरुषांच्या बोलण्यापेक्षा अवघड जाते. डिजिटल थर्मामीटरची ‘टी-टी’ किंवा रातकिड्यांची किरकिर ‘अलीकडे बंद झाली’ असे वाटू लागते. मंगल कार्यालयात किंवा हॉटेलात गप्पांतून माणूस अंग काढून घेतो, प्रश्नाला भलतेच उत्तर देतो किंवा नुसतेच ‘हो, हो’ म्हणून हसतो. कानात सतत गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तोही डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे.

येथे दोन गैरसमज आड येतात. ‘कुकरची शिट्टी तर बरोबर ऐकू येते, मग कान खराब कसे?’ हा त्यांतला एक. कुकरची शिट्टी इतकी मोठी असते की बऱ्यापैकी श्रवणऱ्हास असलेल्या माणसालाही ती ऐकू येते, त्यामुळे तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसरा गैरसमज अधिक त्रासदायक असतो: न ऐकल्यामुळे जे लक्षात राहिले नाही, त्याला घरचे लोक विसरभोळेपणा किंवा हेकेखोरपणा म्हणतात. ज्या व्यक्तीला ऐकू कमी येते तिला ते सर्वांत शेवटी पटते, कारण जे ऐकलेच नाही त्याची उणीव तिला कशी जाणवणार? म्हणून वाद घालण्याऐवजी आठ-दहा दिवस प्रसंग लिहून ठेवा: कोण बोलत होते, कोठून, पंखा किंवा टीव्ही चालू होता का, काय ऐकू आले. डॉक्टरांपुढे ‘यांना ऐकू येत नाही’ या वाक्यापेक्षा असे चार नोंदवलेले प्रसंग अधिक उपयोगी पडतात, आणि वडीलधाऱ्यांनाही ते आरोपासारखे वाटत नाहीत.

२. घरी अंदाज घ्या, पण त्याला चाचणी समजू नका

डॉक्टर वापरतात ती कुजबुजीची चाचणी घरी करता येते. व्यक्तीच्या मागे साधारण हातभर, म्हणजे दोन फुटांवर उभे राहा, जेणेकरून तिला तुमचे ओठ दिसणार नाहीत. जो कान या वेळी तपासायचा नाही, त्याच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा तिने स्वतःच बोटाने हलके दाबून चोळत राहावे. तुम्ही श्वास पूर्ण सोडा आणि उरलेल्या हवेवर ‘चार, क, दोन’ असे अंक आणि अक्षर मिळून तीन घटक कुजबुजत म्हणा. तिन्ही बरोबर आले तर तो कान या पातळीवर ठीक. चुकल्यास वेगळे तीन घटक घेऊन पुन्हा करा. सहांपैकी निम्म्याहून कमी बरोबर आले तर तपासणी लांबवू नका.

जागतिक आरोग्य संघटनेचे ‘हिअरडब्ल्यूएचओ’ नावाचे मोफत ॲपही आहे. त्यात गोंगाटामागून बोललेले अंक ओळखायचे असतात. ते इयरफोन लावून शांत खोलीत वापरावे. अंक सरावाच्या भाषेत नसतील तर मात्र निकाल फसवा येतो, कारण तेव्हा कानाबरोबर भाषेचीही परीक्षा होते.

३. या परिस्थितीत क्रम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा

एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. असे पुष्कळदा सकाळी उठल्यावर लक्षात येते. कानाला दडा बसल्यासारखे वाटते आणि माणूस मळ असेल किंवा सर्दी असेल म्हणून आठवडाभर थांबतो. आतल्या कानाचा अचानक आलेला ऱ्हास असेल तर स्टिरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू परत येण्याची शक्यता अधिक असते. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे मानले जातात, आणि त्यांतलेही सुरुवातीचे दिवस विशेष. मळ आहे की आतला बिघाड आहे, हे घरी ओळखता येत नाही.

ऐकू कमी येण्याबरोबर गरगर फिरल्यासारखी चक्कर येणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, कानातून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पू येणे, डोक्याला मार लागल्यानंतर ऐकू कमी येणे, ही लक्षणेही अशीच तातडीची आहेत.

४. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे कान दाखवा

श्रवणचाचणी करण्यापूर्वी कानाची नळी मोकळी आणि पडदा दिसणारा हवा. नळी मळाने गच्च भरलेली असेल तर चाचणीत आकडा वाईट येतो आणि त्या आकड्यावर यंत्र बसवले तर पैसे वाया जातात. डॉक्टर दुर्बिणीसारख्या छोट्या उपकरणाने कान पाहतात, गरज वाटल्यास ट्यूनिंग फोर्क कानाजवळ आणि कपाळावर ठेवून दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, याचा अंदाज घेतात.

मळ कडक असेल तर डॉक्टर बहुधा काही दिवस थेंब टाकायला सांगतात आणि नंतर तो काढतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत सगळे उरकेल असे धरून गावाहून येऊ नका. दोन भेटींची तयारी ठेवा. या काळात कान स्वतः कोरू नका. हेअरपिन, काडेपेटीची काडी, कापसाची काडी यांनी मळ आत ढकलला जातो. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांपासून दूर राहा. कानात कोमट तेल सोडण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे, पण पडद्याला भोक असेल तर तेच तेल मधल्या कानात जाऊन कान वाहू लागतो, आणि भोक आहे की नाही हे तेल घालणाऱ्याला दिसत नसते.

डॉक्टरांना औषधांची पूर्ण माहिती द्या. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने आणि कर्करोगावरचे सिस्प्लाटिन यांनी आतल्या कानाला इजा होऊ शकते. क्षयरोगावर पूर्वी इंजेक्शने घेतली असतील, तर त्याला कितीही वर्षे झाली असली तरी सांगा. कारखान्यात, छापखान्यात, मागावर केलेली नोकरी, तसेच घरात आणखी कोणाला लवकर बहिरेपण आले होते का, हेही सांगण्यासारखे आहे.

५. तपासणीची जागा निवडा

सरकारी मार्गात जिल्हा सामान्य रुग्णालयाचा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग ही पहिली पायरी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केलेले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांत केसपेपर आणि चाचण्यांचे शुल्क भरावे लागते. पुण्यात ससून, मुंबईत केईएम आणि नायर, गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय येथे ही सोय आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान आहे. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचे ऑडिओलॉजी शिकवणारे महाविद्यालय आहे. अशा शिक्षणसंस्थांमध्ये विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली चाचणी करतात. वेळ जास्त लागतो, पण मला तो दोष वाटला नाही, कारण घाई न करता केलेली चाचणीच भरवशाची असते.

ओपीडी बहुतेक ठिकाणी सकाळची असते आणि चाचणीची तारीख नंतरची मिळू शकते, हे गृहीत धरा.

खासगी केंद्र निवडताना एकच गोष्ट कटाक्षाने पाहा: चाचणी करणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट आहे का. ऑडिओलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. हा नोंदणी क्रमांक अहवालावर असायला हवा. नसेल तर विचारावा. दुकानातला विक्री प्रतिनिधी पांढरा कोट घालून हेडफोन लावतो म्हणून तो ऑडिओलॉजिस्ट होत नाही. शिबिरातल्या तपासणीला फक्त प्राथमिक चाळणी समजा. गर्दीच्या सभागृहात पूर्ण चाचणी होऊ शकत नाही.

६. जाताना सोबत न्यायच्या गोष्टी

• आधार कार्ड आणि रुग्णालयाचा जुना केसपेपर असल्यास तो
• कान-नाक-घसा तज्ज्ञांची चिठ्ठी, तिच्यावर कोणती चाचणी हवी ते लिहिलेले असावे
• आधीचे ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचे आलेख), कितीही जुने असले तरी
• चालू औषधांची यादी किंवा औषधांची पाकिटेच
• घरी नोंदवलेल्या प्रसंगांचा कागद
• वापरात असलेले कानाचे मशीन आणि त्याचे सेल
• चष्मा, आणि सोबत घरातली अशी एक व्यक्ती जिचे बोलणे रुग्णाला सहज समजते
• सरकारी योजनेतून यंत्र घ्यायचे असल्यास उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि छायाचित्रे

आदल्या दिवशीची एक अट पुष्कळांना कोणी सांगत नाही. चाचणीपूर्वी किमान चौदा ते सोळा तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे लागते. रात्रपाळी करून थेट चाचणीला आलेला कामगार किंवा आदल्या संध्याकाळी ढोल-ताशा पथकाच्या सरावाला गेलेला मुलगा यांचे कान तात्पुरते मंदावलेले असतात, आणि आकडे असतात त्याहून वाईट येतात. सर्दीने कान बंद असतील तर, अचानक ऐकू येईनासे झाले नसल्यास, तारीख पुढे घ्या.

७. चाचणीच्या खोलीत काय होते

मुख्य चाचणीला प्युअर टोन ऑडिओमेट्री म्हणतात. बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा छोट्या खोलीत बसवतात, कानातले आणि चष्मा काढायला सांगतात, हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. ‘बीप’ ऐकू आली की बटण दाबायचे किंवा बोट वर करायचे. आवाज हळूहळू इतका बारीक केला जातो की तो आहे की नाही याचीच शंका यावी. गोम येथेच आहे. माझे वडील खात्री पटल्याशिवाय बटण दाबत नव्हते. चुकीचे उत्तर दिले तर गुण जातील असे त्यांना वाटत असावे. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी चाचणी थांबवून ‘काका, नुसता भास झाला तरी दाबा’ असे सांगितल्यावर आकडे बदलले. ही सूचना तुम्ही घरूनच देऊन ठेवा. बटण उगाचच दाबत राहणेही तितकेच चूक, पण सावध स्वभावाच्या माणसाला त्याचा धोका कमी असतो.

यानंतर कानाच्या मागच्या हाडावर एक छोटा कंपक बसवून तीच चाचणी पुन्हा होते. हाडावाटे गेलेला आवाज बाहेरचा आणि मधला कान टाळून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतो, म्हणून दोष नेमका कोठे आहे ते या दुसऱ्या फेरीवरून कळते. ही फेरी न करता दिलेला अहवाल अर्धवट समजा. दुकानांतल्या मोफत तपासणीत नेमकी हीच गाळलेली दिसते. मध्येच दुसऱ्या कानात ‘श्श्श’ असा सलग आवाज सोडतात. तो चांगल्या कानाला मदत करू न देण्यासाठी असतो. त्याकडे दुर्लक्ष करून फक्त बीपकडे लक्ष द्यायचे, हे ज्येष्ठांना आधीच समजावून सांगितले नाही तर ते गोंधळतात.

मग येते शब्दांची चाचणी. शब्द ऐकवले जातात आणि ते जसेच्या तसे म्हणायचे असतात. ही चाचणी मातृभाषेत व्हावी असा आग्रह धरा. घरात मालवणी, अहिराणी किंवा कोकणी बोलली जात असेल तर तेही आधी सांगा, म्हणजे उच्चारातला फरक ऐकण्यातली चूक म्हणून मोजला जाणार नाही. शब्द किती टक्के बरोबर आले यावर यंत्राचा उपयोग किती होईल याचा अंदाज बांधता येतो, म्हणून मी या चाचणीला बीपइतकेच महत्त्व देते. आवाज पुरेसा मोठा करूनही शब्द कळत नसतील, तर महागडे यंत्रही मर्यादितच मदत करते, आणि हे खरेदीपूर्वी माहीत असलेले बरे.

टिम्पॅनोमेट्रीत कानात रबरी टोक बसवून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो ते पाहतात. काही सेकंदांचे काम आहे, दुखत नाही. सोबतच्या व्यक्तीने खोलीबाहेर थांबावे. काचेतून खुणा करू नयेत.

८. ऑडिओग्राम वाचायला शिका

अहवालाची प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. आलेखात डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ अशी पट्टी वाढत जाते आणि वरून खाली डेसिबल वाढत जातात. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. हाडावाटे घेतलेल्या खुणा कंसासारख्या किंवा बाणाच्या टोकासारख्या असतात. हाडाच्या खुणा वर आणि हेडफोनच्या खुणा बऱ्याच खाली असतील, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. त्यावर औषध किंवा शस्त्रक्रिया असू शकते, तेव्हा यंत्राची घाई करू नका. दोन्ही खुणा जवळजवळ एकाच ठिकाणी आणि खाली असतील तर दोष आतल्या कानाचा. सतत गोंगाटात काम केलेल्यांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो.

आता एक उदाहरण. ५०० हर्ट्झला २५, १००० ला ४०, २००० ला ५५ आणि ४००० ला ७० डेसिबल असा आलेख आला असे समजा. पहिल्या तिन्हींची सरासरी ४० येते. चौथा आकडा धरला तर ती साडेसत्तेचाळीस होते. आपल्याकडे अजून सर्रास वापरल्या जाणाऱ्या जुन्या कोष्टकानुसार ४० म्हणजे ‘सौम्य’ ऱ्हास, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ३५ ते ५० हा गट ‘मध्यम’ आहे. म्हणजे तोच कान एका केंद्राच्या कागदावर सौम्य आणि दुसऱ्याच्या कागदावर मध्यम दिसू शकतो. म्हणून दोन अहवालांची तुलना करताना शेरा पाहू नका, आकडे पाहा. आणि ४० डेसिबल म्हणजे ४० टक्के बहिरेपण नव्हे. डेसिबल आणि टक्के ही वेगळी मापे आहेत, पण या गोंधळावर विक्रेत्यांचे बरेच फावते.

दोन कानांच्या आलेखांत ठळक फरक असेल, किंवा गुणगुण एकाच कानात असेल, तर डॉक्टर एमआरआय सुचवू शकतात. तो टाळू नका.

९. लहान मुलांच्या बाबतीत

मूल मोठे होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. जन्मानंतर काही दिवसांतही ओएई ही, आवाजाला आतला कान प्रतिसाद देतो का ते पाहणारी चाचणी होते. पहिल्या महिन्यात चाळणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असे वेळापत्रक जगभर मानले जाते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल किंवा वर्षभरात एकही अर्थपूर्ण शब्द आला नसेल, तर ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले होते’ या आजीच्या दिलाशावर विसंबू नका. बेरा ही, आवाज कानाच्या नसेवाटे मेंदूकडे पोहोचतो का ते पाहणारी चाचणी मूल झोपलेले असताना करतात, त्यामुळे त्या दिवशी त्याला आधी झोपू देऊ नका आणि दवाखान्यात पोहोचल्यावरच दूध पाजून झोपवा. झोपेचे औषध द्यायचे असल्यास उपाशी ठेवण्याबाबतच्या सूचना आधी विचारून घ्या.

१०. अहवाल हातात आल्यानंतर

अहवाल घेऊन पुन्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. यंत्र लागणार असे ठरले तर तोच अहवाल दोन-तीन ठिकाणी दाखवता येतो. ‘आमचीच तपासणी हवी’ किंवा ‘आज घेतले तरच सवलत’ असे म्हणणाऱ्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडा. घरी काही दिवस वापरून पाहण्याची सोय आहे का, नंतरच्या जुळवणीचे पैसे लागतात का, हे पावती होण्याआधी विचारा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ध्वनिवर्धक सगळेच आवाज सारखे मोठे करतात. वरच्या उदाहरणातल्या कानाला त्याचा त्रासच होईल, कारण ५०० हर्ट्झला मदतीची जवळपास गरज नाही आणि ४००० ला पुष्कळ आहे.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबत अपेक्षा नीट ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर ‘कर्णबधिर’ गटातला कमी ऐकू येणारा, आणि ७० च्या वर असेल तर बहिरा अशी व्याख्या आहे. पन्नासच्या आसपास सरासरी असलेल्या ज्येष्ठाला यंत्राची खरोखर गरज असते, पण तो या व्याख्येत बसत नाही. बसत असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि शासकीय रुग्णालयात पुन्हा चाचणी होते. खासगी अहवालावर दाखला मिळत नाही. दाखला नसला तरी ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये देणारी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

पुढची चाचणी साधारण वर्षभराने करा, शक्य असल्यास त्याच ठिकाणी, आणि जुना ऑडिओग्राम शेजारी ठेवायला सांगा. एखाद्या खुणेत ५ डेसिबलचा फरक चाचणीगणिक पडतच असतो. लागोपाठच्या दोन-तीन खुणा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक खाली गेल्या असतील, तर यंत्राची जुळवणी बदलावी लागेल का आणि कारण पुन्हा शोधावे लागेल का, हे त्याच भेटीत विचारून घ्या.